दहा मिनिटं अंधार

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात अंधार करणं इतकं जड जाईल असं मला वाटलं नव्हतं. एरवी वीज गेली की पायाखालचा तांब्या दिसत नाही. पण मुद्दाम अंधार हवा म्हटलं, तर न्हाणीघरात जिकडून तिकडून उजेड घुसायला लागला. दाराखालून, कडीच्या भोकातून, नळाच्या पाइपाशेजारच्या फटीतून. मंद्रूपच्या काकांच्या शेतातून पिकाखाली अंथरायचा मल्चिंगचा काळा कागद आणला आणि झरोक्यावर दुहेरी चिकटवला. दारावर बाहेरून दोन चादरी ठोकल्या. कडीत कापूस कोंबला. तरी समाधान नाही. हातात टेप घेऊन भिंती चाचपायच्या आणि घरातल्यांवर खेकसायचं, हेच माझं चाललं होतं.

खेकसायला कारण होतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकाच मागावर अठ्ठावीस वर्षं चादरी विणल्या. गेल्या महिन्यात मालकांनी जुने माग भंगारात काढले. त्याच्या आदल्या दिवशी मी माझा फिल्मचा कॅमेरा घेऊन शेडमध्ये गेले आणि दोन रोल संपवले. पहिल्यात आईनं केलेली मागाची शेवटची पूजा होती, हळदकुंकू, नारळ, मागावर हात ठेवून तिचं उभं राहणं. दुसऱ्यात अप्पा, चालू मागावर. आता त्या मागाचे तुकडे झालेत. पुन्हा फोटो काढायची सोय नाही.

आणि बुधवारी पहिला रोल घरी धुतला, तो पूर्ण काळा निघाला. फिल्मला उजेड लागला की असं होतं.

मी आत अंधारात रोल धुण्याच्या डब्यातल्या चक्रीत भरत होते तेव्हा आईनं बाहेरून वरची चादर उचलून हाक मारली होती. "ऋतू, निस्ती बादली दे की." एवढंच. पण काळी फिल्म हातात आल्यावर मला ओरडायला कुणीतरी हवंच होतं. "तुझ्यामुळे गेला सगळा रोल! पाच मिनिटं दम निघत नाही का तुला?" तेव्हापासून आई अंघोळीला शेजारच्या सिद्धम्माकडे जाते. आमच्या न्हाणीकडे फिरकतही नाही.

रविवारी दुपारी मी दुसरा रोल घेऊन उभी राहिले. हाही गेला तर अप्पांचा मागावरचा एकही फोटो उरणार नव्हता. मी आत जायची, दार लावायची, दोन मिनिटांत बाहेर यायची, आणखी एक टेप लावायची, परत आत. अप्पा खुर्चीत बसून बघत होते.

"आत काय करतीस गं?"

"कुठून उजेड येतो ते बघते. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागतात."

"मग दोन मिन्टात भाईर का येतीस?"

"मला नाही बसवत, अप्पा!"

"सर. मी बसतो संगं."

अप्पा पालथ्या बादलीवर बसले, मी हौदाच्या कट्ट्यावर. दार लावलं. लगेच माझ्या पाठीला खाज सुटली. पायाला मुंग्या आल्या. उद्याचं ऑफिस आठवलं, तिथलं अर्धवट राहिलेलं टॉवेलचं डिझाइन आठवलं. किती वेळ झाला बघितलं, तीन मिनिटं. परत बघितलं, साडेचार.

"ह्यो बघ उजेड," अप्पा म्हणाले. "निळा हाय."

मी दाराकडे बघितलं, झरोक्याकडे बघितलं. "कुठून येतोय?"

"तुज्या हातातनं."

माझं घड्याळ. मनगट फिरवलं की पेटणारं. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की त्याचा उजेड मी उजेडात धरतच नव्हते. रोल भरताना मी डोळे घट्ट मिटते, बोटांना नीट कळतं म्हणून. आणि फिल्म चक्रीत सरकवायला मनगट पुढे-मागे फिरवत राहावं लागतं. म्हणजे बुधवारी ते दर वेळी पेटलं असणार, फिल्मपासून चार बोटांवर, आणि मी आपली डोळे मिटून बसलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळ बाहेर ठेवून आम्ही पुन्हा बसलो. आता वेळ कशी कळणार? अप्पा मांडीवर बोटांनी मागाचा ठेका धरून होते, खट-खटाक, खट-खटाक.

"एक वीत इणायला किती येळ जातो ते हाताला ठावं असतंय," ते म्हणाले. "तू गप बस. झालं की सांगतो."

त्यांनी सांगितलं तेव्हा मला स्वतःचा हातही दिसत नव्हता. मी रोल उघडला. अर्ध्यात फिल्म अडकली. मी ओढली.

"वडू नगं." नुसत्या आवाजावरून त्यांना कळलं होतं. "अडाकलं की थांब. जरा मागं घे. मग फुडं."

थांबले. मागे घेतली. सरकली.

तासाभरात फिल्म धुऊन कपड्याच्या दोरीवर लटकत होती, आणि तिच्यात अप्पा होते, मागावर वाकलेले, हातात आडव्या दोऱ्याचा धोटा. उलट्या चित्रात पांढऱ्याचं काळं दिसतं. "माजं क्यास काळं झालं की लेका!" म्हणत ते हसत सुटले. मला मात्र हसू येईना.

आई स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, तो रोल माझ्या घड्याळानं गेला. तुझ्यामुळे नाही."

तिचा हात थांबला. "मी चादर उचलली तवा न्हवं?"

"चादरीआतलं दार बंद होतं, दुसरी चादरही जागेवर होती. उजेड येणारच नव्हता. ते मला तेव्हाही ठाऊक होतं."

तिनं हातातली शेंग तशीच खाली ठेवली.

"चार दिस मला घास ग्वाड लागला न्हाय, ऋतू. ज्या मागानं आपल्याला जेवाय घातलं, त्याची शेवटची पूजा माज्या हातनं पुसली असं वाटायचं. सिद्धम्मालाबी तसंच सांगितलं मी."

मला रडू फुटलं. तिनं जवळ घेतलं नाही, डोळे पुस म्हणूनही सांगितलं नाही. पुढची शेंग फोडली.

"सिद्धम्माला तू जाऊन सांग," ती म्हणाली. "मी न्हाय सांगायची."

मी तशीच उठून शेजारी गेले. सिद्धम्मानं दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि बाजूला सरली.

"ये की. तू बी आलीस व्हय अंगुळीला?"

"नाही," मी म्हटलं. "आईबद्दल सांगायला आले."