प्रेरणाचा उजवा गुडघा

माणसाच्या ताटावरून मला त्याचं मन कळतं, असं मी बरीच वर्षं समजत आलेय. त्यामुळं शेफालीनं दुसरी भाकरी नको म्हणायला सुरुवात केली, त्याच दिवशी माझ्या मनात पाल चुकचुकली.

भोरला एसटी स्टँडच्या मागं माझी खानावळ आहे. कॉलेजच्या मुलींचा कबड्डीचा अख्खा संघ दुपारी माझ्याकडं जेवतो. सगळ्या मला मावशी म्हणतात. फक्त प्रेरणा आत्या म्हणते, कारण ती माझ्या भावाची मुलगी. पासली गावची. बारावीनंतर कॉलेजसाठी माझ्याकडं राहायला आली. पहिली दोन वर्षं तिनं बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखल्या. यंदा शेवटचं वर्ष. संघातल्या सहाजणी ठरल्या होत्या, मुख्य चढाई कुणाची एवढंच राहिलं होतं. प्रेरणाची नाहीतर शेफालीची. एकजण खेळणार, दुसरी पुन्हा बाकावर. गुरुवारी सोमेश्वर सर निवड चाचणी घेणार होते.

त्यात प्रेरणाचा गुडघा. आषाढात भातलावणीला गावी गेली, तिथं बांधावरून पाय घसरला आणि उजवा गुडघा मुरगळला. बरा झाला म्हणेपर्यंत परत सुजायचा.

"आत्या, सरांना कळू देऊ नको," ती म्हणाली होती. "चाचणीला उभंच करणार न्हाईत."

सरांना मी एका शब्दानं बोलले नाही.

आता शेफालीचं सांगते. ती वरव्याची, स्कूटीवरून येते. बोलते कमी, बघते जास्त. जेवताना तिची नजर आपल्या ताटात नसते, प्रेरणा कशी बसते, कशी उठते, त्याच्यावर असते. त्या आठवड्यात तिनं सोनियाला स्कूटीवर मागं बसवून आणायला सुरुवात केली. सोनिया म्हणजे संघातली कोपऱ्यात खेळणारी पोरगी. चढाई करणाऱ्या मुलीनं पाय पुढं टाकला की हिनं वाकून घोटा धरायचा, हेच तिचं काम, आणि एकदा धरला की ती सोडत नाही. सोमवारी मी बघितलं, सोनियाच्या गुडघ्यावर शेफालीची निळी नी-कॅप.

मी चुलीपाशी बसलेल्या धोंडाबाईंना म्हणलं, "बघितलंत का? स्कूटी झाली, नी-कॅप झाली. कोपऱ्यातली पोरगी हिनं आपल्या बाजूला वळवून घेतली."

धोंडाबाई माझ्याकडं सोळा वर्षं भाकरी थापतात. त्या भाकरीवरून नजर न काढता म्हणाल्या, "तिची फाटली आसंल म्हनून घातली आसंल."

"तुमाला सगळं साधंच दिसतं."

"आन तुला साध्यातबी साप दिसतो."

आत मुली जेवायला बसत होत्या. मी आमटी घेऊन गेले. प्रेरणा भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. "सोनिया, तिला जरा जागा दे गं," मी म्हणलं. "उजवा गुडघा परत फुगलाय तिचा. रातभर हळद लावून शेकला. मांडी घालता येईना पोरीला." सोनिया सरकली. शेफालीनं एकदा गुडघ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि ताटावर हात धरून दुसरी भाकरी नको म्हणाली.

त्या दिवशी चारला मी डबा द्यायचं निमित्त करून कॉलेजच्या मैदानावर गेले. कबड्डी मला बघून बघून कळते. प्रेरणानं सहा चढाया केल्या आणि पाचदा पकडली गेली. पाचही वेळा डावा घोटा, आणि पाचही वेळा सोनियानं धरलेला. पोरगी दमात जायची, कबड्डी कबड्डी घुमवत अलीकडं पलीकडं व्हायची, डावा पाय पुढं गेला रे गेला की सोनिया खाली वाकलेलीच. जणू कुणी आधी कानात सांगितलंय. शेफाली बाहेर उभी राहून मोबाईलवर सगळं काढत होती.

घरी आल्यावर प्रेरणा म्हणाली, "मला न्हाई जमायचं, आत्या. त्यांना माझ्या आधी कळतंय मी काय करणार."

"कळतंय न्हाई, कुणीतरी कळवतंय."

"कोण कळवंल?"

मी नाव घेतलं नाही. पण रातभर शेफाली माझ्या डोळ्यापुढनं हलली नाही.

मंगळवारी जेवणं झाल्यावर तिला मी हात धुवायच्या मोरीपाशी गाठलं. बाकीच्या बाहेर होत्या.

"मोबाईलवर काय काढत होतीस काल?"

"प्रेरणाची चढाई." तिनं लपवलंसुद्धा नाही. "ती मागं येते ना, पाठ न फिरवता, तसं मला जमत न्हाई. घरी बघून शिकते."

लावणी करताना बाई मागं मागं सरकत जाते, चिखलात, न बघता. प्रेरणाचे पाय लहानपणापासून तसे तयार झालेले. ते शिकायचं म्हणे मोबाईलवरून. मला काही ते पटलं नाही.

"आणि सोनियाला कोण सांगतं, ती डावा पाय टाकणार म्हणून?"

शेफालीनं नळ बंद केला. "मावशी, आमाला कुणी सांगायला कशाला पायजे? तुमीच सांगता की रोज वाढताना. उजवा फुगलाय, उजवा शेकला, उजव्यावर भार घेता येईना. मग डावाच टाकणार ना ती."

माझ्या हातात खरकटी ताटं होती. ती मी उगीचच एकावर एक नीट लावत बसले.

"पण मावशी, आमी त्यातबी–"

"राहू दे," मी म्हणलं. "तुझं आमीबिमी कळलं मला."

ती ओढणीला हात पुसून गेली.

मला लाज वाटली, नाही असं नाही. पण माझी लाज फार वेळ टिकत नाही, तिचा लगेच राग होतो. म्हणजे मी यांना वाढत होते, मायेनं घरचं बोलत होते, आणि या माझ्या पोरीच्या दुखण्यावर टपून बसल्या होत्या. माझ्याच आमटीचे भुरके मारत. मी विचार केला, कानच लावायचा असेल यांना, तर आपण कानात घालू काय घालायचं ते.

बुधवारी प्रेरणाचं प्रॅक्टिकल होतं, ती जेवायला उशिरा येणार होती. मी घेवडा वाढता वाढता मोठा उसासा टाकला.

"काय झालं मावशी?" सोनियानं विचारलं. तीच विचारणार हे मला माहीत होतं.

"काय सांगू. उजवा गुडघा आता बरा झाला बाई. पण इतके दिवस डाव्यावर भार घेऊन घेऊन डावा गेला. जिना चढवंना."

सोनियाचा घास हातातच राहिला. "डावा?"

"डावा. घोट्यापासनं वरपर्यंत ठणकतोय. उजवा ठणठणीत."

दोघीतिघींनी एकमेकींकडं बघितलं. शेफाली ताटात बोटानं रेघा काढत होती. सोनिया हळूच म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मावशी."

बरं झालंच, मी मनात म्हणलं, आणि तिला न विचारता वर एक पळी आमटी घातली.

धोंडाबाईंनी चुलीपाशी मला अडवलं. "डावा कधी दुखायला लागला?"

"तुमी भाकरी बघा. करपतीय."

भाकरी करपत नव्हती.

गुरुवारी मी खानावळ धोंडाबाईंवर टाकून डबा घेऊन मैदानावर गेले. दोघींना दहा दहा चढाया होत्या, समोर तीच बचावाची फळी, त्यात सोनिया कोपऱ्यात. ज्या मुलीचे गुण जास्त तिची मुख्य चढाई, असं सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

शेफालीनं आधी केल्या. सहा गुण. चांगली खेळली, खोटं कशाला बोलू.

मग प्रेरणा. पहिल्या चढाईला तिनं डावा पाय टाकला. सोनिया वाकली आणि थांबली. हात पुढं आलाच नाही. प्रेरणानं तिला पायानं शिवलं आणि ती मागं मागं येत मध्यरेषेवर पोचली. दुसऱ्या चढाईला तसंच. तिसऱ्या चढाईला दोघींना शिवून आली. पोरीचा चेहरा असा काही उजळला की मला डब्याचं झाकण लावायचं सुचेना. दोन वर्षांत मी तिला मैदानावर हसताना बघितलं नव्हतं. मधल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या, एकदा पकडली गेली, पण तीसुद्धा कंबरेला धरून. नऊ चढाया झाल्या तेव्हा तिचे सात गुण होते.

म्हणजे जिंकली होती. दहावी नुसती जाऊन आली असती तरी चाललं असतं. मी दोरीच्या बाहेरून हातानं खूण करत होते, पुरे आता, ये मागं. ती माझ्याकडं बघतही नव्हती. रंगात आली होती. आत गेली, डावीकडं झुकली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उजवा पाय लांबवून टाकला.

सोनियानं तो धरला. दोन्ही हातांनी, छातीशी, जसा ती धरते तसा. वरून तिघीजणी पडल्या.

प्रेरणा ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढल्यासारखा आवाज झाला. मुली बाजूला झाल्या तेव्हा ती गुडघा दोन्ही हातांत धरून आडवी होती आणि ओठ पांढरे पडले होते.

सरांनी गुडघा चाचपला. "आधीपासून दुखत होता का हा?"

"आषाढापासनं," प्रेरणा म्हणाली.

"कुणाला माहीत होतं?"

सगळ्या खाली बघायला लागल्या, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सर सोनियाकडं वळले. "तुला माहीत होतं?"

सोनियानं हो म्हणून मान हलवली.

"दुखरा पाय आहे हे माहीत असून असा ओढलास? आपल्याच संघातल्या मुलीचा?"

"सर, ही शेफालीच्या स्कूटीवरनं येते," मागून संघातलीच वैष्णवी म्हणाली. "नी-कॅपबी तिचीच हाय."

माझंच बोलणं. चुलीपाशी धोंडाबाईंशी बोललेलं, आतल्या खोलीतून कुणीतरी ऐकलेलं. शेफालीचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "सोनिया, किट जमा कर. उद्यापासून येऊ नकोस. आणि शेफाली, तुझंही नाव मी आता देणार नाही."

सोनियानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलेल, मावशींनी डावा सांगितला होता. बोलली असती तर सोपं झालं असतं, मी निदान चिडले तरी असते. पण तिनं नुसतं बघितलं, खाली मान घातली आणि नी-कॅप सोडायला लागली. माझ्याकडं रोज जेवणारी पोरगी. मला मावशी म्हणणारी.

मी दोरी उचलून आत गेले.

"सर, तिला मी सांगितलं होतं डावा दुखतोय म्हणून. उजवा बरा झाला म्हणून. काल, जेवताना. खोटं सांगितलं."

सरांना काही कळेना. "तुम्ही का सांगाल?"

"माझी पोरगी जिंकावी म्हणून. यांना तिचा दुखरा पाय कळला होता. मला वाटलं, त्याचा फायदा घेतात."

सोनियाच्या हातात नी-कॅपचा पट्टा तसाच राहिला. "फायदा?" ती म्हणाली. "मावशी, तिचा उजवा आमी धरतच नव्हतो. तुमी पहिल्यांदा सांगितलं ना, त्याच दिवशी आमचं ठरलं, उजव्याला हात लावायचा न्हाई. डावा धरायचा. तो तरी चांगला हाय म्हणून."

"मंगळवारी हेच सांगत होते मी," शेफाली म्हणाली. "तुमी बोलू दिलं न्हाई."

मैदानावर ऊन होतं आणि सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. 

खालून प्रेरणानं विचारलं, "आत्या. माझ्या पहिल्या तीन चढाया?"

मी तिच्याजवळ बसले. खोटं बोलायला अजून जागा होती. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तिला ते चाललं असतं.

"डावा दुखतोय समजून सोडला त्यांनी."

"तिन्ही?"

"तिन्ही."

तिनं मान फिरवली. गुडघा दुखावल्यावर आलं नव्हतं ते पाणी आता डोळ्यांत आलं. म्हणाली, "मला वाटलं, माझ्या पायात काहीतरी आलंय आज."

सरांनी सोनियाला किट जमा करू नको म्हणून सांगितलं. माझ्याकडं त्यांनी पाठ केली. मग मुलींना म्हणाले, यादी सोमवारी जाते, मुख्य चढाईला शेफाली राहील, दुसरा इलाज नाही. प्रेरणा राखीवमध्ये, गुडघा बरा झाला तर. परत बाकच म्हणायचा.

"सर," प्रेरणा म्हणाली, "बरा झाला की एकदा परत घ्या माझ्या दहा चढाया. यादीसाठी नको, मला बघायचंय." मग सोनियाला म्हणाली, "आन तेव्हा जो पाय दिसंल तो धर. ठरवाठरवी करू नका माझ्यावर कुणी."

"धरीन," सोनिया म्हणाली. ती रडत होती.

रिक्षा बोलवायला कुणीतरी फाटकाकडं पळालं. सोनियानं एका बाजूनं आणि शेफालीनं दुसऱ्या बाजूनं प्रेरणाला उभं केलं. मी हात पुढं केला होता, तो तिनं बघितला की नाही मला माहीत नाही. तिघी एका पायाच्या चालीनं फाटकाकडं निघाल्या. शेफाली तिला मध्येच काहीतरी विचारत होती, मागं येताना टाच आधी टेकवतेस की चवडा, असलं काहीतरी, आणि प्रेरणा नाक ओढत सांगत होती.

मी डबा उचलून मागनं चालले. कुणी ये म्हणलं नाही. कुणी नको पण म्हणलं नाही.