पाण्यावर जगणारा मासा

मनकर्णा ताडकळसला पोचली तेव्हा दिवस डोक्यावर आला होता, आणि तिच्या आबांना, व्यंकटरावांना, अग्नी देऊन पुरा एक दिवस उलटला होता. तार औरंगाबादच्या शाळेत, वर्गावर असताना मिळाली. तिथून रात्रभर आगगाडीने पूर्णा, पूर्णेहून बैलगाडी. एवढं करूनही शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. पौषातली थंडी होती, आणखी एक दिवस थांबता आलं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि असला विचार आपल्याला सुचू शकतो याचाच तिला धक्का बसला.

ओसरीवर गोजरबाई बसली होती. आबांची पाठची बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत कपाळ पांढरं करून माहेरी आली ती इथलीच झाली. गळ्यात तुळशीची माळ, घरात शब्द तिचा. कांदासुद्धा वर्ज्य असलेलं हे घर तिच्या धाकानेच तसं राहिलं होतं. तिने मनकर्णेला कवटाळलं, पोटभर रडली, आणि पदराने डोळे पुसून सांगायला लागली. कालपासून येईल त्याला ती हेच सांगत होती.

"सोन्यावानी मरन आलं गं माज्या दादाला! पहाटं आंघोळीला म्हून निघाला, हिरीपल्याड बसल्या बसल्या गेला. हातात वलं फडकं, गळ्यात माळ. कुनाचं देनं न्हाई, कुनाला तरास न्हाई."

"पुण्यवान जीव," शेजारची कडूबाई म्हणाली. ती सुतकातल्या घराला पिठलं-भाकरी घेऊन आली होती. "जल्मात मुंगी मारली न्हाई मानसानं."

मनकर्णेने मान हलवली. तिला रडू येत नव्हतं. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली.

घर कधी इतकं गार लागलं नव्हतं. चूल सारवून कोरडी पडली होती. तिसऱ्या दिवशी राख सावडून येईपर्यंत ती पेटायची नव्हती. चुलीमागच्या मातीच्या कट्ट्यावर लोणच्याची काचेची बरणी होती, नेहमीच्या जागी, आणि त्या बरणीच्या तळाशी आबांचा मासा आडवा पडला होता.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात आबा डोळे दाखवायला मुंबईला गेले होते, आणि येताना क्रॉफर्ड मार्केटातून हा फायटर मासा घेऊन आले. बोटाएवढा, दौतीतल्या शाईसारखा निळा, अंगापेक्षा शेपटीचाच घोळ मोठा. मुरंब्याच्या बाटलीत घालून, बाटली मांडीवर धरून त्यांनी तो गाडीने आणला. घरात त्याला सगळे 'मुंबईचा पाव्हणा' म्हणत. दोन वर्षं आबांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: पाहुणा मजेत आहे. त्याला काही लागत नाही. मलाही नाही.

आता तो निळा राहिला नव्हता. चुलीतल्या राखेचा रंग त्याच्या अंगावर आला होता.

"वहिनी!" तिने हाक मारली. छबूबाई, तिच्या भावाची बायको, धावत आली. "मासा मेला की काय?"

"मरतोय कशाचा, वन्सं? निजला आसंल." छबूबाईने बरणीवर टिचकी मारली. माशाचा एक कल्ला हलला. "बघा, हाय की. म्या तर काल त्येचं चांगलं केलंय. मामंजी गेल्यावर घरातलं समदं पानी वतून दिलं, रांजन, घागरी, समदं. मंग ह्येचं सुतकाचं पानी कसं ठिवायचं? म्हून बरनी राखंनं घासली, अन् ताजं शेंदून भरलं."

"आणि खायला?"

छबूबाई हसली, आणि सुतक आठवून हसणं आवरलं. "त्येला कुठं खायला लागतंय!"

दारात कडूबाई येऊन उभी राहिली होती. "आमचे धनी म्हनतेत, असला मासा तिकडं बैलाच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यात ऱ्हातो. त्येला चिखलच मानवतो. तुमी पानी सोच्छ केलं, थितंच चुकलं."

"मोठ्या भांड्यात टाकला तर घाबरून मरतो म्हनं," छबूबाई म्हणाली.

"अन् आरसा दावला की पोट भरतंय त्येचं. आपल्याच रूपावर जगतंय."

"म्हंजे तुमच्या नंदेवानी!" छबूबाई कडूबाईला म्हणाली.

"गप, आत्याबाई ऐकतील," कडूबाई म्हणाली.

ओसरीवरून आत्याने ऐकलंच होतं. "दादा सोता सांगायचा, ह्यो निस्त्या पान्यावर जगतो म्हून. म्हून तर ठिवू दिला म्या घरात. मांस खानारं जनावर माळकऱ्याच्या घरात आलं आस्तं व्हय?"

मनकर्णेने स्वतः हीच गोष्ट वर्गातल्या मुलींना नवल म्हणून सांगितली होती: पाण्यावर जगणारा मासा. औरंगाबादच्या तिच्या घरात खोलीभर पुस्तकं होती, वाचता वाचता डोळे दुखायचे. पण जिवंत प्राणी दोन वर्षं नुसत्या पाण्यावर कसा जगेल, एवढं एकदाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं. आबा म्हणाले म्हणजे तसंच.

तिने बरणी उचलली. काच बर्फासारखी लागली. मागच्या अंगणात गोठ्यापाशी ऊन होतं, तिथे ती बरणी घेऊन बसली.

गोठ्यात लिंबाजी कडबा टाकत होता. तीस वर्षं या घरचा गडी, आबांच्याच वयाचा. त्याने बरणीकडे पाहिलं आणि हातातला कडबा खाली ठेवला.

"अक्का, पानी कुनी बदललं?"

"वहिनींनी."

"चूल कालपासून बंद हाय न्हवं?" तो उकिडवा बसला आणि आत बघू लागला. "म्हून. ह्येला गारठा सोसत न्हाई. मालक बरनी चुलीमागंच ठिवायचे, अन् आदल्या दिसाचं शिळं पानी तिथंच ऊब लावून घालायचे. रातीचं गोनपाट गुंडाळायचे." मग त्याने ओसरीच्या दिशेने एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आळ्या घातल्या का कुनी?"

"कसल्या आळ्या?"

"मच्छराच्या."

मनकर्णेला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"त्या इकनारानं मालकाला सांगितलं हुतं. जितं खातो म्हनं ह्यो. मालक रोज पहाटं, घर निजलेलं आसताना, डबक्यावर जायचे. फडक्यानं पानी गाळायचे. फडक्यावर आळ्या वळवळायच्या, त्या बरनीत झटकायच्या. ह्यो पाव्हना सुटून यायचा अन् गट्ट. मालक बघत बसायचे."

"आबा?"

"व्हय."

"माळ घालून?"

"पैल्या दिवशी माळ काडून खिशात ठिवली हुती. मंग म्हनले, लिंबाजी, काडली काय अन् घातली काय, बघनाऱ्याला दिसतंयच. मंग न्हाई काडली."

मुंगी न मारणारा माणूस. कधी खोटं बोलला म्हणून कुणाला आठवत नसलेला माणूस. दोन वर्षं रोज पहाटे जीव मारत होता, आणि दिवसभर सगळ्यांना, तिला पत्रातूनसुद्धा, खोटं सांगत होता. तिच्या मनात जे आबा होते ते यातले कुठले, तिला कळेना. मग तिला ओलं फडकं आठवलं आणि तिने लिंबाजीकडे पाहिलं. तो नजर देईना.

"लिंबाजीकाका, काल पहाटे ते आंघोळीला निघाले नव्हते."

"थंडीत आळ्या व्हत न्हाईत, अक्का. जवळच्या डबक्यात काई घावंना. दोन रोज ह्यो उपाशी. मालकाला रातच्याला जेवन ग्वाड लागंना. हिरीपल्याड जनावरं धुवायचा खड्डा हाय, तितं घावतील म्हनले. म्या म्हनलं म्या जातो. तर म्हनले, तू नीज, मला काई व्हत न्हाई." त्याने नाक ओढलं. "उजाडलं तरी आले न्हाईत म्हून गेलो. मुठीत फडकं. त्यावर आळ्या. जित्या. मालक गार अन् आळ्या जित्या. म्या फडकं सोडवून घेतलं, झटकलं, पान्यात खळबळलं अन् पुन्ना हातात दिलं. मंग हाळी मारली."

बरणीत मासा जरासा वर आला, पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून एक घोट हवा घेतली आणि पुन्हा तळाशी आडवा झाला.

ऊन कलायला लागलं होतं. गोठ्याच्या सावलीने तिच्या पायापर्यंत मजल मारली होती. आबांच्या हातची शेवटची जिवंत गोष्ट तिच्या मांडीवर होती, आणि ती रात्र काढणार नव्हती.

ती बरणी घेऊन आत गेली. कडूबाई निघून गेली होती. आत्या एकटीच भिंतीला टेकून होती.

"आत्या, चूल पेटवायची."

"काय?"

"याला ऊब पाहिजे. नाही तर आज रात्री मरेल."

"शुद्धीवर हायेस का, मने? दादाची राख न्हाई सावडली अजून! अन् मासोळीला कसला गारठा? पान्यातच जल्मलेली ती!"

"आबा याला ऊब देत होते."

"दादा म्हनायचा, त्येला काईच लागत न्हाई. माज्या कानानं ऐकलंय. दादा खोटं बोलायचा व्हय? तू चार पुस्तकं शिकलीस म्हून बापाला खोटं ठरवतीस, दुसऱ्या दिवशी?"

मनकर्णा गप्प राहिली असती तर आत्याला तिचं सोन्यासारखं मरण कायमचं उरलं असतं. गाव तेच सांगत राहिलं असतं. फक्त मासा गेला असता.

"होय," ती म्हणाली. "खोटं बोलत होते."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, काही गाळलं नाही. फडकं कशाचं होतं तेही सांगितलं. सांगताना तिला स्वतःचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

आत्या ऐकत राहिली. मग तिने दारात येऊन उभ्या राहिलेल्या लिंबाजीकडे पाहिलं. लिंबाजीने पागोटं काढून हातात धरलं. एवढं पुरे होतं. आत्याचं तोंड उघडं राहिलं. कुणी थोबाडीत मारावी तशी ती दिसली. रडली नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "फडकं हातात पुन्ना दिलंस व्हय रे, लिंब्या."

"व्हय, आक्काबाई."

मनकर्णा उठली. तिने कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीत रचल्या आणि काडी ओढली. पहिली काडी विझली. दुसरी लागली. धूर धाब्याच्या सवण्यातून, छतातल्या भोकातून, वर गेला, आणि तो बघून छबूबाई कपाळाला हात लावून धावत आली.

"वन्सं! आवं हे काय! सुतकात चूल! लोक काय म्हनतील!"

मनकर्णेने तोंड उघडलं, पण आधी ओसरीवरून आवाज आला.

"म्या सांगितलंय पेटवायला. माजं अंग कणकणायलंय. पानी तापवायलीय ती मला आंघोळीला."

छबूबाईचा विश्वास बसेना. उभ्या जन्मात आत्याने पौषात गार पाण्याशिवाय आंघोळ केली नव्हती. पण आत्याने सांगितलं म्हणजे तसंच. ती परत गेली.

बरणी कट्ट्यावर गेली, गोणपाट भोवती आलं. दिवेलागणीला मासा तळावरून उठून मध्ये तरंगू लागला. रंग आला नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता मनकर्णा विहिरीपल्याडच्या खड्ड्यावर गेली. लिंबाजी येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. जिथे आबा बसले होते तिथली माती जराशी दबलेली होती, की तिला तसं वाटलं, कोण जाणे. पाण्यावर धुकं होतं. तिने रुमाल बुडवला, गाळला, पुन्हा बुडवला. बोटं बधिर झाली. एवढ्या थंडीत अडुसष्ट वर्षांच्या माणसाने रोज असं पाण्यापाशी बसावं! कितव्यांदा तरी रुमालावर चारपाच बारीक काळे धागे वळवळले. तिने रुमालाची पुरचुंडी केली आणि घराकडे निघाली.

दारात आत्या उभी होती. सावडायला येणारी माणसं ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जमत होती. भाऊ त्यांच्याशी बोलत होता.

"झाक ते," आत्या हळूच म्हणाली. "पदराखाली घे."

दोघी आत गेल्या. मनकर्णेने पुरचुंडी सोडली.

"म्या बघत न्हाई," आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

मनकर्णेने रुमालाचं टोक पाण्यात झटकलं. एक अळी आकड्यासारखी वाकत खाली निघाली. मासा जागचा हलला नाही. अळी त्याच्या तोंडासमोरून गेली. मग त्याचा एक डोळा वळला, शेपटीचा घोळ एकदम ताठ झाला, आणि अळी नव्हती.

"खाल्ली?"

"हो."

आत्या वळली. दुसरी अळी खाली येत होती. मासा या वेळी सरळ तिच्यावर गेला. आत्याचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच थांबला.

"आगं बाई," ती म्हणाली. "दादा हे रोज बघायचा?"

"रोज."

बाहेरून भावाने हाक मारली, माणसं निघाली होती. आत्याने ती ऐकली नाही. ती बरणीजवळ सरकली, नाक काचेला लागेल इतकी, आणि म्हणाली, "आनखी हायेत का?"