आईच्या दारात वसुलीचा बँड

आमच्या नगरपंचायतीचं अंदाजपत्रक दरवर्षी शिलकी असायचं आणि तिजोरीत मात्र खडखडाट. युक्ती साधी होती. खर्च जितका वाढेल, तितकी घरपट्टीची वसुली जमेच्या बाजूला वाढवून लिहायची. ती वसुली कधी झाली नाही आणि कुणी विचारलंही नाही. कागदी घोडे नाचवण्यात आमच्या गावाचा हात कोण धरणार?

यंदा नगराध्यक्ष झाली माझी बायको, मैत्रेयी. अंदाजपत्रकाच्या सभेत तिनं सांगून टाकलं, "जे पैसे येत नाहीत, ते मी लिहिणार नाही." लगेच तूट उघडी पडली. त्यात पाण्याच्या मोटारीचं वीजबिल थकलेलं. महिनाअखेर भरलं नाही तर वीज तोडणार, अशी नोटीस आली. आधीच पाणी आठवड्यातून एकदा, आता तेही जाणार. तेव्हा मैत्रेयीनं ठरवलं, थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवायचा.

विरोधी बाकावरचे देवसिंग गोड हसले. "सुरुवात घरूनच करा ना, मॅडम."

आमचं घर आईच्या नावावर. आईनं, म्हणजे सत्यभामाबाईंनी, नऊ वर्षं घरपट्टी भरली नव्हती. "ते पानी देत नाई, मी पैसे देत नाई. हिशेब बरोबर," हे तिचं म्हणणं. मी गुपचूप भरायला निघालो तर दोघी अंगावर आल्या. "माह्या नावानं भरशीन तं याद राख," आई म्हणाली. "त्यांनी स्वतः भरलं तरच गाव भरेल," बायको म्हणाली. इकडे आड, तिकडे विहीर आणि नळ कोरडा.

सकाळी बँड दारात वाजू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र नवं पातळ नेसून ओट्यावर खुर्ची टाकून बसली. गल्लीतल्या बायांना वाटलं सोयरीक जमली. दोघी-तिघी नटूनच आल्या. आईनं बँडवाल्यांसकट सगळ्यांना चहा पाजला आणि मग बँडशेजारी उभ्या असलेल्या सुनेला विचारलं, "याचे पैसे कोन देऊन राह्यलं?"

"नगरपंचायत. पाच हजार."

"अन् माही थकबाकी चोपन्नशे. गावाचं दिवाळं काढतं काय, पोरी?"

सगळे हसले. मैत्रेयी हसली नाही. "आई, तुम्ही नाही भरलं तर कुणीच भरणार नाही. मग वीज तुटेल आणि नगरपंचायत पाणी देत नाही हे तुमचं म्हणणं कायमचं खरं होईल." मला तिचा फार अभिमान वाटला.

आई खुर्चीवरून उठली. मग आत जाऊन पैसे घेऊन आली. "पावती दे. अन् बँड दिवसभराचा ठरवला ना? मंग वाया कायले घालवता? चाला देवसिंगच्या दारी, त्याचंबी थकलंच हाये."

पुढे आई, मागे बँड. देवसिंगनी फाटकातच पैसे काढले. माझं झेरॉक्सचं दुकान नगरपंचायतीच्याच गाळ्यात, त्याचं भाडंही थकलं होतं. बँड तिथं पोचायच्या आत मी पावती फाडून घेतली. बँडच्या धाकानं बाकीची वसुलीही जमली, महिनाअखेर वीजबिल भरलं गेलं आणि मोटार वाचली.

मैत्रेयीला वाटलं, सुटले. सोमवारी आई नगरपंचायतीत हजर. नळाच्या गढूळ पाण्याची बाटली तिनं सुनेच्या टेबलावर ठेवली. "इतके साल भरत नोयती, तं इचारतबी नोयती. आता भरलं हाये."

तिच्यामागे देवसिंग उभे, हातात बाटली. त्यांच्यामागे आमची अख्खी गल्ली.

मी दाराशीच उभा होतो; आईंना घरी न्या, असं मैत्रेयीनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी कशाला नेतोय? माझीही पावती खिशात होती आणि बाटली स्कूटरच्या डिकीत.