रोहिदासचा पत्रा आणि मी

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाहीच. मी एका मोटारीच्या पोटाखाली आयुष्य काढलेला जुना गार्ड आहे, म्हणजे इंजिनखालची ढाल. गाडी घेताना लोक रंग बघतात, गाणी वाजवून बघतात, पण वाकून माझ्याकडे कोणी बघत नाही. नका बघू! माझं काही अडलं नाही.

चाकणच्या एका कारखान्यात काळे प्लास्टिकचे दाणे वितळवून मला साच्यात घडवलं. अंगाने मी पातळ, पण चिवट. पुढे महाळुंग्याच्या रोहिदासची गाडी माझ्या वाट्याला आली. रोहिदास एका कंपनीच्या प्रेस शॉपला, पत्रे दाबून वाकवायच्या कामाला. त्याची आई छबूबाई हिला आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी पिंपरीला न्यावं लागे. एक खेप चुकली की तिच्या पायांना सूज चढे, धाप लागे. त्या खेपांमध्ये खडी, चिखल, कंटेनरच्या चाकांनी उडवलेलं घाण पाणी, सगळं मी अंगावर घेतलं आणि इंजिनपर्यंत काही जाऊ दिलं नाही. सात वर्षं! याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

मग एकदा पाइपलाइनसाठी खणलेल्या मातीच्या ढिगावर मी घासलो आणि पुढून टरकन फाटलो. रोहिदासने मला तारेने बांधलं. तार तुटली, मी रस्त्यावर खरडू लागलो. तेव्हा त्याने ठरवलं, आता प्लास्टिकची भानगडच नको. रोज पोलादी पत्र्यात हात घालणारा माणूस दुसरं काय ठरवणार? त्याने चांगला जाड पत्रा कापला, भोकं पाडली, काळा रंग दिला आणि सुट्टीच्या दिवशी नारळ फोडून तो गाडीखाली बसवला. मित्र म्हणाले, राव, रणगाडा झाला की! मला डिकीत फेकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

महिनाभर पत्रा खडखडत राहिला. मग एका मंगळवारी डायलिसिसला जाताना गाडी एका गतिरोधकावर आपटली. थोडं पुढे गेल्यावर छबूबाई म्हणाली, "रोहिदासा, कायतरी करपतंय बघ."

कारखान्यांचा वास असेल, असं म्हणून त्याने ते उडवून लावलं. मागे रस्त्यावर तेलाचा थेंब नव्हता, समोर डॅशबोर्डवर धोक्याचा कुठला दिवा पेटला नव्हता. म्हातारी मात्र हटेना. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेलं नाक होतं ते. शेवटी वैतागून त्याने काळेवाडीत तनुजा नावाच्या मेकॅनिकच्या गॅरेजपाशी गाडी लावली.

काय सांगू तुम्हाला या तनुजाचं! गाडीकडे बघायच्या आधी तिने छबूबाईचे सुजलेले पाय बघितले. डायलिसिसची वेळ विचारली, ओळखीची रिक्षा बोलावली आणि मायलेकांना आधी दवाखान्यात पाठवलं. मग ती गाडीखाली शिरली.

आईला मशीनवर लावून रोहिदास परतला, तेव्हा तनुजाने पत्रा सोडवून खाली काढला होता. तो आपटून वर दबला होता आणि थेट इंजिनच्या तेलाच्या चेंबरला भिडला होता. चेंबरला चीर पडली होती. गळलेलं तेल पत्र्यावरच साचून तापत होतं, म्हणून रस्त्यावर काही दिसलं नाही. आणखी थोडी गाडी चालली असती तर इंजिन जाम झालं असतं आणि छबूबाई वाटेतच अडकली असती.

तरी गडी म्हणतो कसा, याच्याहून जाड पत्रा टाकू! तनुजाने वाद घातला नाही. तिने डिकीतून मला काढून त्याच्या हातात दिलं आणि वाकवायला सांगितलं. त्याने मला वाकवलं, सोडलं. फाटका असलो तरी मी झटकन सरळ झालो.

"भाऊ, तुम्ही दिवसभर पत्रा वाकवता," तनुजा म्हणाली. "मार लागल्यावर आपणहून सरळ झालेला पत्रा कधी पाहिलाय?"

रोहिदासने मला पुन्हा एकदा वाकवून सोडलं. त्याच्याच कामातली गोष्ट होती ती.

मग तिने दोन गार्ड समोर ठेवले. एक चकचकीत पण कडक, पहिल्याच दगडाला तडकणारा. दुसरा माझ्यासारखा चिवट, खाली तेल बदलायला खिडकी ठेवलेला. रोहिदासने दोन्ही गार्ड हाताने वाकवून पाहिले आणि दुसरा निवडला. तनुजाने नवा चेंबर घातला आणि माझा तो धाकटा भाऊ प्रत्येक बोल्ट तपासून बसवला. इतक्या मायेने मलाही कोणी बसवलं नव्हतं, हेवा वाटला मला!

मी आता तिच्याच गॅरेजात आहे. कोणी पत्रा मागायला आला की ती मला त्याच्या हातात देते. फाटक्या वस्तूला एवढा मान कोण देतं?

त्या दिवशी उन्हं उतरताना छबूबाई रिक्षातून दमलेली आली. रोहिदासने गाडीचं दार उघडलं, पण ती आत बसेना.

"खाली बघितलंस का?" तिने विचारलं.

रोहिदास कंपनीच्या धुतलेल्या गणवेशात रस्त्यावर आडवा झाला आणि त्याने गार्डला हात लावून बघितलं. उठून म्हणाला, "समदं नीट हाय, आई. मगाशी तुझं ऐकायला पायजे व्हतं."

तेव्हा कुठे ती बसली.

मित्रांनो, गाडी काढण्याआधी एकदा वाकून खाली बघत जा. आणि मागे बसलेलं माणूस काही करपतंय म्हणालं, तर आधी गाडी थांबवा.