जुळलं नाही

कोपराच्या आत चिकटवलेली पट्टी निघता निघत नव्हती. कडेनं उचलली की बारीक लव ओढली जायची, आणि खाली कापसाच्या बोळ्यावर रक्ताचा वाळलेला ठिपका... एवढासाच. यावरून डॉक्टरांनी ठरवलं, शिवकन्याला वाटलं — आपलं यकृत उमाशंकरला चालतं, त्याचा मोठा तुकडा कापून त्याच्या पोटात बसवता येईल, उरलेलं आपल्यात पुन्हा वाढेल. वाढेल म्हणतात.

"शिवे, पडून राहा. भांड्याला हात लावू नको," अव्वा स्वयंपाकघरातून म्हणाली.

लातूरच्या या घरात तिला असं कोणी म्हटलं नव्हतं. मुखेडच्या सासरहून बाळंतपणाला आली तेव्हाही नाही. आता मात्र ती नुसती शिंकली तरी अव्वा दारात येऊन उभी राहायची. त्या बघण्यात माया होती, होतीच — पण नजर चेहऱ्यावर थांबत नव्हती, उजव्या बरगडीखाली उतरायची. जणू तिथं अव्वानं आपल्या धाकट्या लेकाचं काहीतरी ठेवायला दिलं होतं.

तो धाकटा, उमाशंकर, बाहेरच्या खोलीत पडून होता. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला पोरगा, आणि दिवाळीपर्यंतसुद्धा थांबता येणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. मघाशी पाणी द्यायला गेली तेव्हा त्यानं पिवळेजर्द डोळे उघडले.

"अक्का, भीती वाटायली का?"

"न्हाई रे."

"मला लई वाटायली," म्हणाला, आणि भिंतीकडे वळला.

हैदराबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बाहेर बसवून दार लावून घेतलं होतं. कोणी भरीस घातलंय का? नाही, ती म्हणाली. मग बाईंनी आवाज हळू केला. अगदी ऑपरेशनच्या टेबलावर घेईपर्यंत नको म्हणता येतं; घरच्यांना आम्ही खरं कारण सांगत नाही, फक्त जुळलं नाही एवढंच सांगतो. शिवकन्या हसली होती. मला कशाला लागतंय ते? — पण ते वाक्य तिच्याबरोबर गाडीत बसून आलं, झोपेत आलं, काल फोनवर लेकीला "लवकर येते गं" म्हणताना मागं येऊन उभं राहिलं...

"शिवे, शहाळं आणलंय बघ." थोरला भाऊ वैजनाथ आत आला. हल्ली तो रोज काहीतरी आणायचा. आधी त्याचीच तपासणी झाली होती. त्याचं जुळलं नाही. परत आल्यावर याच खोलीत तो अव्वाच्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता, आणि सगळ्यांनी त्याचीच समजूत काढली होती.

जुळलं नाही.

शब्द तेच होते. पण आता ते डॉक्टरीणबाईंच्या त्या हळू आवाजात ऐकू आले.

"अण्णा, तुझं का जुळलं नव्हतं रे?"

"आं? नळ्या बारीक हायत म्हणले माझ्या."

"तवा तर चरबी हाय म्हणला होतास."

"ते बी हाय." तो पिशवीची गाठ सोडू लागला, ती सुटलेलीच होती. "पी तू. उद्या निघायचं हाय."

आपल्याला राग येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आला नाही. असतीलही नळ्या बारीक, दवाखान्यातलं कुणाच्या धड लक्षात राहतं... पण त्यानं मान वर केली, आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले — जरा जास्तच वेळ. आधी नजर त्यानं काढून घेतली.

मी नको म्हणाले तर अव्वा रडेल आणि विश्वास ठेवेल. उमाशंकर उलट मलाच धीर देईल. एकट्या अण्णाला कळेल. आणि तो कधीच बोलणार नाही. भाऊबीजेला मी त्याला ओवाळीन, शेजारचा पाट रिकामा असेल, आणि त्या पाटाकडे आम्ही दोघंही बघणार नाही...

हे सगळं तिला स्पष्ट दिसलं, आणि दिसताच उजव्या बरगडीखाली इतके दिवस आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. श्वास पोटभर आत गेला. किती बरं वाटलं — आणि बरं वाटलं हे कळताच ती जागच्या जागी गार पडली.