चिकातल्या माझ्या बहिणी

मित्रांनो, मोहोपाड्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत, शीतकपाटातल्या बोटभर कुपीच्या तळाशी बसलेली मी एक जुनी अँटिबॉडी आहे. पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. तुम्हाला दिसेल तो नुसता पाण्याचा थेंब. पण त्यात माझ्यासारख्या असंख्य जणी गुण्यागोविंदाने नांदतात, आणि आम्हा सगळ्यांचा नेम एकच.

तो नेम सांगते. पायात काटा मोडला की जागा लाल होते, सुजते, ठणकते. 'धावा, इथे दुखतंय!' असा सांगावा शरीरातली काही प्रथिनं धाडतात. इंटरल्युकिन हे त्यांतलंच एक. सांगावा वेळेवर थांबला तर बरं, नाहीतर सांधे सुजून बसतात. प्रथिनांच्या एवढ्या गर्दीत मी फक्त याच इंटरल्युकिनचा हात धरते. दुसऱ्या कुणाला शिवत नाही.

माझी आई एक पांढरी ससीण. त्या प्रथिनाचा कण तिला टोचला, आणि त्याला ओळखायला तिच्या शरीराने मला घडवलं. ती केव्हाच देवाघरी गेली. तिला मी रोज मनोमन नमस्कार करते.

इथे आल्यावर माझं फार कौतुक झालं. मग दुसरी प्रथिनं ओळखणाऱ्या नव्या चकचकीत कुपी आल्या आणि मी मागच्या कोपऱ्यात गेले. देव ठेवील तसं राहावं, म्हटलं.

एके दिवशी हर्षलाने मला हुडकून काढलं. ही मुलगी कडावची. तिची आई सोनाबाई. सकाळी बोटं इतकी सुजलेली, की मूठ मिटत नाही. म्हणून हर्षलाने सूज उतरवणाऱ्या एका नव्या औषधाचं काम घेतलं होतं. ते दिल्यावर पेशींमधलं इंटरल्युकिन कमी होतं का, हे मी दाखवायचं होतं.

"सोमवारपर्यंत औषधाचा फरक दिसला तर पुढे जाऊ," प्रमुख सुरेखा मॅडम म्हणाल्या. "नाहीतर हे काम थांबवावं लागेल गं."

आणि इंटरल्युकिन ओळखणारी मी तर शेवटचीच कुपी!

आमची रीत अशी. पेशींमधली प्रथिनं एका पांढऱ्या पट्टीवर उतरवतात. पट्टी साय नसलेल्या दुधात भिजवतात, म्हणजे मी भलतीकडे चिकटत नाही. मग मी जाते. माझ्यामागून माझी सखी, अँटिबॉडींनाच ओळखणारी दुसरी अँटिबॉडी, येते, मला बिलगते आणि काजव्यासारखी उजळते. जिथे उजेडाची रेषा, तिथे इंटरल्युकिन.

पण त्या दिवशी डबा उघडला तर दमटपणाने दूध पावडरीचा दगड झालेला.

"तू मॅडमकडे जाऊन ये," सोबत काम करणारा विकास म्हणाला. "दुधाचं मी बघतो."

त्याने बघितलं, आणि पट्टी भिजवून ठेवली. हर्षलाने परतून माझा अर्धा थेंब त्या पट्टीवर सोडला. पुढे सखी आली आणि रेषा राहिली बाजूला, सगळी पट्टीच लखलखली!

"अगं, ही तर दिवाळी!" विकास म्हणाला.

हर्षलाच्या डोळ्यांत पाणी. "दूध कुठलं घेतलंस?"

"चहाच्या खोलीतली तुझीच किटली. घट्ट होतं, म्हणून पाणी घातलं. अस्सल म्हशीचं!"

"अरं दादा, तो चीक होता रं! म्हैस व्यायलीय आमची. आईने तुमच्यासाठीच खरवसाला पाठवलाय!"

"मी कॉलनीतला पोरगा," विकास ओशाळला. "खरवस फक्त वडीत कापलेला बघितलाय मी."

हर्षला रडतारडताच हसली. मित्रांनो, मी मात्र हरखून गेले होते. त्या चिकात म्हशीच्या कितीतरी अँटिबॉडी होत्या, माझ्या दूरच्या बहिणीच! माझी भोळी सखी त्यांनाही मीच समजून गळ्यात पडली होती.

विकास स्वतः जाऊन, पुड्यावरची अक्षरं पुन्हापुन्हा वाचून, साय नसलेल्या दुधाची पावडर घेऊन आला. हर्षलाने दुसरी पट्टी केली, हात जोडले आणि माझा उरलेला थेंब सोडला. मीही म्हटलं, देवा, माझा नेम राख.

सोमवारी मॅडमसमोर ती पट्टी होती. औषध न दिलेल्या पेशींची रेषा ठळक, औषध दिलेल्यांची अगदी फिकी. बाकी सगळीकडे शांत काळोख.

मॅडमनी दोन्ही रेषा ताडून बघितल्या. "पुढच्या कामाला लाग, हर्षला. आणि उरलेल्या चिकाचा खरवस कुठाय?"

तेवढ्यात सोनाबाईचा फोन. "खाल्ला का गं समद्यांनी?"

"अर्धा पट्टीनेच खाल्ला, आई!"

"खाऊ दे. रेडकानं आधी पोटभर पिलंय. त्याच्या आधी मी कासेला हात लावत नाय."

आता कुपीत नुसता ओलावा उरलाय, पण मी तृप्त आहे. मित्रांनो, आम्हाला पुन्हापुन्हा वितळवून गोठवू नका; आम्ही मोडतो. आणि गोठ्यात म्हैस व्याली, की खरवसाची घाई करू नका. पहिला चीक रेडकाला पोटभर पिऊ द्या. त्या कोवळ्या जिवाजवळ तेव्हा स्वतःचं काहीच नसतं; चिकातल्या माझ्या बहिणीच रोगांपासून त्याची राखण करतात.