वीज कंपनीचे सात कोट

आमच्या धाकट्या जावेला केव्हाही पाहा, तोंडासमोर मोबाईल. लॉन्ड्रीच्या ज्या मागच्या खोलीत मी पस्तीस वर्षं उभ्याने कॉलरी सरळ केल्या, तिथे ही स्टुलावर बसते, केस सारखे करते आणि जगाला सांगते की कोळसा का महागला, कोणत्या कंपनीने कोणती गिळली आणि मंत्र्याची खुर्ची किती दिवस टिकेल. वीस हजार माणसं ऐकतात म्हणे. माझं ऐकायला आमच्या दुकानात एका वेळी चार माणसं मावायची, आणि त्यातले एक आमचे हे.

शाळा मी चौथीत सोडली. पण बातमीचं कळायला शाळा लागत नाही. हे रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे आणि मी इस्त्री फिरवता फिरवता निकाल द्यायचे. मी "वीज वाढणार" म्हटलं की वाढायचीच. गिऱ्हाईक कपडे हातात घेऊनही रेंगाळायचं, "वहिनी, सरकारचं काय होणार?" म्हणून विचारायचं.

त्यामागे माझी एक विद्या होती. समोरच्या वीज कंपनीतल्या साहेबांचे कपडे आमच्याकडे येतात. दर वाढवायचे असले की आदल्या दिवशी तीन कोट येतात, तातडीचे. मोठे साहेब, हिशोबाचे साहेब आणि पत्रकारांशी बोलणारे साहेब. चुरगळलेल्या कोटात कॅमेऱ्यासमोर उभं राहून लोकांच्या खिशात हात घालणं बरं दिसत नाही ना!

ही विद्या हिला शिकवली मीच. लग्न होऊन आली तेव्हा धड बटण शिवता येत नव्हतं. म्हटलं, पोर हुशार आहे, सांगून ठेवावं. तर आता ही मोबाईलवर म्हणते, "माझ्या सूत्रांनुसार..." सूत्रं कसली डोंबलाची, खुंटीवरचे कोट ते! खुंटी माझी, विद्या माझी, आणि नाव हिचं. परवा बँकेतली एक बाई कपडे न्यायला आली. माझ्या डोक्यावरून आत बघत म्हणाली, "बातम्यांवर बोलणाऱ्या मॅडम इथेच असतात ना?" मी म्हटलं, "असतात की. मागे मोज्यांच्या जोड्या लावतायत." मोज्यांच्या जोड्या तर मी लावत होते.

शनिवारी दुपारी कंपनीचा ड्रायव्हर कोट घेऊन आला. तीन नाही, सात. "मावशी, सोमवारी सकाळी हवेत, अगदी कडक."

धाकटीने बोटांवर मोजले. डोळे कसे चमकले तिचे! "अगंबाई, सात! तिनाला एवढी वाढ होते, तर साताला केवढी होईल!" आणि गेली केस विंचरायला.

मी एकेक कोट उलटून पाहिला. त्यात स्टोअरवाल्याचा कोट होता, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारा. टेलिफोनवर बसणाऱ्या म्हाताऱ्याचाही होता, कोपरावर विरलेला. आता वायरी आणि स्क्रू मोजणारा माणूस दरवाढ जाहीर करायला कशाला लागतो? शिवाय निवडणूक दीड महिन्यावर आलेली. मतं मागायच्या तोंडावर दिवा महाग करायला मंत्री काय डोक्यावर पडलाय? मी ड्रायव्हरला दारात गाठलं. तो हसून म्हणाला, "कसली दरवाढ, मावशी! जुने साहेब निवृत्त होतायत. सगळ्यांचा एकत्र फोटो आहे."

आत आले तेव्हा हिचं बोलणं अजून सुरू व्हायचं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण हिने मला विचारलं नाही, आणि तेवढं निमित्त मला पुरलं. मी शर्टावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबली.

मग हिने सांगितलं जगाला. सोमवारी दरवाढ होणार, आजवर झाली नाही एवढी होणार, जे काय चालवायचं ते रविवारीच चालवून घ्या. ऐकणारे चाळीस हजारांवर गेले.

सोमवारी साहेबांनी फोटो काढला. दर होते तिथेच राहिले.

दिवसभर मी गुणगुणत इस्त्री केली. लोक येता जाता हसत होते, आणि खोटं कशाला सांगू, मला गोड लागत होतं. पण संध्याकाळी ही पुन्हा त्याच स्टुलावर बसली. "मी चुकले," म्हणाली. "हे सगळं मला माझ्या मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं. त्यांना न विचारता बोलले." ते ऐकायला साठ हजार! मी पस्तीस वर्षं बरोबर निघाले ते चौघांना ठाऊक, आणि ही एकदा तोंडघशी पडली तर बघायला साठ हजार माणसं. पडण्यातही हिचाच नंबर पहिला.

मंगळवारी सकाळी दुकान उघडतोय तोच शेजारच्या पिठाच्या गिरणीचा मालक आला. हिचं ऐकून बिचाऱ्याने पंधरा दिवसांचं दळण रविवारी एका दिवसात काढायला घेतलं होतं, आणि संध्याकाळी मोटर जळली.

"कुठे आहेत ती सूत्रं?" तो दारातूनच ओरडला.

धाकटी पुढे झाली. लपली नाही, हेही मला खटकलं.

"दादा, चूक माझी आहे."

"तुझ्या चुकीवर माझं जातं फिरणारे का?"

"नाही फिरणार. मला त्या कोटांचा अर्थच लागला नाही. जाऊबाईंना विचारलं असतं तर..."

"राहू दे गं! जाऊबाईंना तरी काय कळतंय?" तो माझ्याकडे वळला. "वहिनी, तुमच्याही नाकाखालून गेले ना ते कोट? इतकी वर्षं उगाच तुमचं ऐकत बसलो. दोघींनाही काही कळत नाही."

मी गप्प बसले असते तर माझी अब्रू शाबूत होती. चुकीत माझं नावही नव्हतं. पण "कळत नाही" हा शब्द जिव्हारी लागला.

"मला शनिवारीच कळलं होतं!" मी म्हणाले. "फोटोसाठी आलेत ते कोट, हे ड्रायव्हरच्या तोंडून वदवून घेतलं होतं मी!"

आमचे हे पेपर उघडत होते, ते तसेच थांबले.

"मग सांगितलं का नाहीत?" गिरणीवाल्याने विचारलं. आता त्याचा आवाज अगदी खाली आला होता.

कसला डाग आहे ते समजत नसलं की आपण कपड्याकडे पाहतो, तशी धाकटी माझ्याकडे पाहत राहिली. मी इस्त्री उभी करून ठेवली.

"नाही सांगितलं, कारण तू पडावीस असं मला वाटत होतं," मी तिला म्हणाले. "त्यात याची मोटर जाईल हे डोक्यात आलं नाही. तो गुन्हा माझा, मोटर मी भरून देईन. आता माझा निकाल ऐक. तू माझ्यापेक्षा बरं बोलतेस. ते मला आज सोसत नाही आणि उद्याही सोसणार नाही. म्हणून यापुढे कोट आले की जगाला सांगायच्या आधी मला विचारायचं, आणि तेही चार माणसांदेखत. एकटीने येऊन विचारलंस, तर मी खरं सांगेनच याची खात्री मी देत नाही."